कुत्रा लंगडतोय आणि भांडण बांधावर पेटलंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कर्नाटकातल्या रायबाग तालुक्यातल्या एका मेंढपाळ घरातल्या २४ वर्षांच्या तरुणाचं हे पत्र आहे. घरची १४० मेंढरं, सामान वाहायला दोन घोडी आणि राखणीला ‘चित्र्या’ हा ४ वर्षांचा कुत्रा. बाप मुधोळ जातीचा, आई गावठी. गेल्या सोमवारी मेंढरं तोडणी झालेल्या उसाच्या रानात बसवली होती. सकाळी चित्र्या तीन पायांवर उठला. पुढचा उजवा पाय वर धरलेला, टेकायलाच तयार नाही. रक्त नाही, जखम दिसत नाही. आदल्या संध्याकाळी मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात शिरली म्हणून त्या शेतकऱ्याशी आबांची बाचाबाची झाली होती. “रात्री त्यानंच काठी घातली,” असं आबा ठामपणे सांगतात आणि चुलते हे प्रकरण पंचांपुढं न्यायला निघालेत. एका जाणत्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून आबा खांद्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचं म्हणतायत. पत्रलेखकानं पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानातून माणसाची दुखण्याची गोळी आणून भाकरीतून दिली. संध्याकाळी जरा बरं वाटलं, सकाळी पुन्हा तेच. वाडा, म्हणजे मेंढरा-माणसांचा फिरता तळ, ८ दिवसांनी हलायचा आहे. गेल्या महिन्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली. चुलत्यांचं म्हणणं, लंगडं कुत्रं काय कामाचं, नवं पिल्लू आणू. विचारलंय ते असं: मारलंय हे सिद्ध कसं करायचं? डाग द्यायचा का? आणि कुत्र्याला बरोबर न्यायचं की मागं ठेवायचं? शेवटी जाता जाता एक ओळ आहे: “तसा तो आठ-दहा दिवस मेंढरांच्या मागंच राहायचा, आधी कायम पुढं असायचा. गोचिड्याही लई झाल्यात.”

उत्तर:

तुमचं पत्र दोन पानांचं आहे. त्यातलं दीड पान शेजाऱ्यावर खर्च झालंय आणि चित्र्याच्या पायाच्या वाट्याला जेमतेम पाच ओळी आल्यात. त्या पाच ओळींत, पंजा उचलून बोटांच्या मध्ये कुणी बघितलं, असं कुठंही लिहिलेलं नाही. रागावू नका. पस्तीस वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून बेळगाव, चिकोडी, रायबाग फिरलो आहे. लंगडणाऱ्या जनावराचा मालक सगळ्यात आधी कारण सांगतो आणि पाय शेवटी दाखवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याचं नवल राहिलेलं नाही.

पाय न टेकणाऱ्या कुत्र्याला पेपर छापून येईपर्यंत थांबवता येत नाही, म्हणून गोळी बंद करा आणि डॉक्टरला दाखवा एवढं तुम्हाला आधीच कळवलं आहे. बाकीचं सविस्तर इथं लिहितोय, कारण वाडा घेऊन फिरणाऱ्या आणि रानात वस्तीला असणाऱ्या पुष्कळ घरांत हा प्रश्न येतो.

पहिली गाठ सोडवायची ती “अचानक” या शब्दाची. सोमवारी सकाळी तुम्हाला लंगडणं दिसलं, एवढंच नक्की आहे. ते सोमवारीच सुरू झालं, हे नक्की नाही. कुत्र्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. एका पायात बारीक दुखायला लागलं की तो भार गुपचूप दुसऱ्या पायावर सरकवतो, वळताना मोठा वळसा घेतो, उडी टाळतो, चार पावलं मागं राहतो. कामाच्या कुत्र्याचं तर काम सोडायचं मनातच नसतं, त्यामुळं तो हे फार दिवस रेटतो. मग एक दिवस रेटणं संपतं आणि आपण म्हणतो, काल तर बरा होता. तुमची ती जाता जाता लिहिलेली शेवटची ओळ म्हणूनच मला साऱ्या पत्रात महत्त्वाची वाटली. कायम पुढं असणारा कुत्रा दहा दिवस मागं राहतो, तर काहीतरी भांडणाच्या आधीपासून चाललेलं आहे. पायात असेल, अंगात असेल. दोन्हीकडंही असू शकतं. एका लंगडण्याला एकच कारण, असा काही नियम नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो, माझ्याच चुकीची. चिकोडीकडच्या एका वाड्यावर असाच कुत्रा दाखवायला मला बोलावलं होतं. मागचा पाय धरलेला. मालक म्हणाला, शेजारच्या वाड्यावरच्या पोरानं दगड घातला. मीही ते मनात धरून थेट मांडीच दाबत बसलो. कुत्रं कुरकुरलं, मी सुजेचं इंजेक्शन दिलं आणि आलो. पाचव्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी खालून सुरुवात केली. पंजाच्या वर केसांखाली बोट फिरवलं तर एक खाच लागली. घोंगडीसाठी कातलेल्या लोकरीचा धागा तिथं दोन वेढे बसलेला होता. कधी तरी सुतात पाय अडकला असणार. धाग्याला काळपट केस, कुत्र्याला काळपट केस, वरून काही दिसत नव्हतं, आणि आतमध्ये कातडी कापत कापत तो मांसात रुतला होता. कात्रीनं तोडला तेव्हा आतून वास आला. दोन्ही वाडे तोवर एकमेकांचं पाणी बंद करून बसले होते. त्या दिवसापासून मी माणसाचं म्हणणं ऐकतो, पण हात लावतो तो आधी पंजाला.

आता तुम्ही काय करायचं ते बघू. कुत्रा कितीही मायेचा असला तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावतो. तेव्हा मऊ कापडाची पट्टी नाकावरून गुंडाळा, हनुवटीखाली आडवी घ्या आणि कानामागं गाठ मारा. धापा टाकत असेल, उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नका. चित्र्याला रेबीजची लस टोचलेली आहे का, हे पत्रात नाही. नसेल, आणि लंगडण्याबरोबर लाळ गळत असेल, आवाज बदललेला असेल, पाणी गिळता येत नसेल, तर तोंडाजवळ हातच नेऊ नका. घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी त्याला दुरून बांधून ठेवायचं आणि डॉक्टरला बोलवायचं. कुणाला चावला किंवा लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा.

लक्षण तसं नसेल तर त्याला ओळखीच्या माणसाच्या मांडीशी आडवा करा. सुरुवात चांगल्या पायापासून. म्हणजे त्याला भीती वाटत नाही आणि तुमच्या बोटांना चांगलं कसं लागतं ते कळतं. मग दुखरा पाय. एकेक बोट सुटं धरायचं, दोन बोटांमधली कातडी ताणायची, खालून तळव्याच्या गाद्या दाबायच्या, प्रत्येक नख मुळाशी किंचित हलवायचं. नखं चारच मोजू नका. पायाच्या आतल्या अंगाला, जरा वर, जमिनीला न टेकणारं पाचवं नख असतं. ते झिजत नाही, गोल वाढतं आणि एक दिवस स्वतःच्याच मांसात घुसतं, किंवा कशात तरी अडकून मुळापासून उलटतं. त्या नखाकडं कुणी बघत नाही. त्यानंतर हाताची पालथी बाजू पंजापासून वर नेत दोन्ही पायांची ऊब ताडून बघा. वास घ्या. मनगट, कोपर, खांदा असं एकेक सांध्याला हळू वाकवा आणि त्या वेळी पायाकडं न बघता तोंडाकडं बघा. ओठ चाटला, मान वळवली, श्वास थांबला, की जागा सापडली.

माझा कल पंजाकडं का, तेही सांगतो. पाय पूर्ण वर धरून तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्याचं दुखणं बहुतेक वेळा पंजात तरी असतं, नाही तर हाड मोडलेलं किंवा सांधा निखळलेला असतो. मोडलं-निखळलं असेल तर पाय वेडावाकडा दिसतो, लोंबतो, सूज लपत नाही. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. खांद्याची साधी लचक असलेला कुत्रा सहसा पाय टेकवत टेकवत, मान हलवत चालतो. आणि आबा डाग द्यायला निघालेत तो खांद्यावर!

ज्यांचा कुत्रा थोडाच लंगडतोय आणि पाय कुठला हेच समजत नाही, त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे. दोरी सैल धरून त्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं न्या आणि दुसऱ्याला समोरून, मग मागून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. तो हळू करून बघा. पुढच्या पायाचं दुखणं असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर उडतं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. मागचा पाय असेल तर दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा (कमरेमागचा भाग) वर उचलला जातो. चारही पंजे ओले करून कोरड्या फरशीवरून चालवला तर कुठला ठसा अर्धवट उमटतो, तेही दिसतं. डॉक्टरपुढं गेल्यावर भीतीनं कुत्रं एकदम शहाण्यासारखं चालायला लागतं, तेव्हा हा व्हिडिओ उपयोगी पडतो.

तुमचं रान मला डोळ्यांसमोर दिसतंय. ऊस कोयत्यानं तिरका तोडलेला, त्यामुळं बुडखे भाल्याच्या टोकासारखे. वरून पाचट पसरलेलं, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. मेंढरांना खूर आहेत, चित्र्याला नाहीत. बुडखा गादीत शिरतो, त्याचा सळ आत मोडतो आणि वरचं तोंड रात्रीत मिटतं. म्हणून रक्त नाही, जखम नाही. बाभळीच्या काट्याचंही हेच, वेड्या बाभळीचा तर लागला की ठणका आणि सूज ठरलेली. पाचट पेटवलेल्या रानातून मेंढरं नेली असतील तर आतून धुमसणाऱ्या राखेनं गाद्या भाजतात. पण मग शक्यतो एकच पाय दुखत नाही. आणि माळावरची कुसळं. कुसळ उलट फिरत नाही, पुढंच सरकतं. बोटांच्या मध्ये शिरलं की गाठ येते, फुटते, पाणी येतं, बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा येते. अशी परत परत येणारी गाठ असेल तर मलमानं भागत नाही, आतलं कुसळ डॉक्टरनं काढावं लागतं.

तळव्यात काटा दिसलाच तर कोमट पाण्यात थोडं मीठ घालून पंजा दहा मिनिटं बुडवा आणि ज्या वाटेनं घुसलाय त्याच वाटेनं उलटा बाहेर ओढा. आबांच्या कमरेला काटे काढायचा चिमटा असणारच, तो उकळत्या पाण्यातून काढून घ्या. वर टोक दिसत नसेल तर सुईनं कोरत बसू नका. दोन मिनिटांत वेडीवाकडी जखम होते आणि काटा आणखी खोल जातो.

पायाभोवती गोल वळ दिसला, केस गेलेली रेघ दिसली, तर रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासाचा संशय घ्यावा लागेल. तसं असेल तर गोष्ट चित्र्यापुरती राहत नाही, त्या रानात उद्या कोकरू किंवा तुमच्या घरातलं पोरही अडकेल. आणि पाय भराभर सुजत वर चढत असेल, दोन बारीक दातांचे ठिपके दिसत असतील, तर घोणस चावली असं धरून चाला. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, त्याला चालवू नका, उचलून डॉक्टरकडं न्या. तुमच्या बाबतीत सोमवारपासून आजवर तसं काही झालेलं दिसत नाही.

आता गोचिड्या. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो. हा ताप रक्तात आणि सांध्यांत बसतो. कुत्रा सुस्तावतो, कमी खातो, मागं राहतो आणि लंगडायला लागतो. त्याचं लंगडणं बऱ्याचदा जागा बदलतं, आज हा पाय, परवा तो. हिरडी बघा. ओठ वर करून ती ओल्या गुलाबी रंगाची दिसली पाहिजे. पांढुरकी दिसली, नाकातून रक्त आलं, अंगावर लाल ठिपके दिसले, तर रक्ततपासणी लांबवू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, त्यामुळं नुसता हात लावून “अंग गरम आहे” हे खरं मानू नका. साधा थर्मामीटर शेपटीखालून गुदद्वारात लावा. १०३ च्या वर गेलं तर तो ताप. गोचीडतापाच्या नेहमीच्या एका प्रकारात औषध साधारण चार आठवडे चालतं. तीन-चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. मग महिन्यानं पुन्हा तेच रडगाणं. मला वाटतं चित्र्याच्या मागं राहण्याचं उत्तर इथं असेल आणि पाय न टेकण्याचं पंजात. पण हा अंदाज आहे, कुत्रा मी पाहिलेला नाही.

गोचिड्या काढायच्या म्हणून मेंढरांचं औषध त्याला देऊ नका. मेंढरं धुवायच्या औषधाचं प्रमाण वेगळं, आणि मेंढीला टोचतात ते जंत-गोचिडीचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचलं तर ते मेंदूवर जाऊ शकतं. कुत्रं झिंगल्यासारखं करतं, आंधळं होतं, मरतंसुद्धा. वजन करून, कुत्र्याचं औषध घ्या.

माणसाच्या गोळीबद्दल जरा कडक बोलतो. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही आपल्या मापानं देण्याची वस्तू नाही. डायक्लोफेनॅक तर २००६ साली जनावरांसाठी बंदच झालं, कारण ते दिलेली मेली गुरं खाऊन गिधाडं संपायला आली होती. दुखण्याचं मलम लावलं तरी कुत्रा ते चाटतो, म्हणजे पोटात तेच गेलं. गोळी दिलीत, संध्याकाळी बरं वाटलं, तेव्हा तो रात्री मेंढरांभोवती पळाला असणार आणि दुखरा पाय आणखी दुखावला असणार. एका गोळीनं बहुधा काही बिघडलं नाही. काळी, डांबरासारखी शी होते का, उलटी होते का, तेवढं बघा आणि डॉक्टरला गोळीचं नाव सांगा, लपवू नका. तिच्यावर लगेच दुसरं दुखण्याचं औषध देणं त्यांनाही टाळावं लागतं.

डागाबद्दल आबांशी कसं बोलायचं? “ही अंधश्रद्धा आहे,” एवढं म्हटलंत की संवाद संपला. डाग दिलेली जनावरं बरी झालेली त्यांनी डोळ्यांनी बघितली आहेत, ते खोटं बोलत नाहीत. पण बघा: साधी लचक पंधरा दिवसांत आपोआप बरी होते. डाग दिलेलं जनावर भाजल्याच्या वेदनेनं जागचं हलत नाही, म्हणजे त्याला आयती विश्रांती मिळते. बरं करते ती विश्रांती, नाव होतं डागाचं. आबांना इतकंच विचारा, “डाग न देता पंधरा दिवस बांधून ठेवून बघू का?” काटा पंजात असेल तर खांदा भाजून तो निघणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजतं. बिब्ब्याचंही तसंच. कातडी उततेच, आणि कुत्रं चाटतं म्हणून जीभ-तोंडही उततं. हळद-चुन्याचा लेप माणसाच्या मुरगळलेल्या पायावर चालतो, कुत्र्याच्या नको. चुना जिभेवर जातो.

डॉक्टरचं बघू. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहेच. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक गुराढोरांसाठी दारात येतं. मेंढरं दाखवायची असतील तेव्हा गाडी बोलवा आणि त्याच खेपेत चित्र्याचा पंजाही पुढं करा. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर तुम्हाला अडचण नाही, रायबागच्या माणसाला मी काय कन्नड शिकवणार. पण खानापूर-बेळगावकडचे काही वाचक दवाखान्यात गोंधळतात, त्यांनी एवढे शब्द पाठ ठेवावेत: मुंगालु म्हणजे पुढचा पाय, हिंगालु मागचा, मुळ्ळु काटा, बावु सूज, उण्णि गोचीड, आणि कुंटु म्हणजे लंगडणं. एक गोष्ट आठवणीनं सांगा: बाप मुधोळ आहे. त्या सडपातळ, चरबी नसलेल्या अंगाच्या शिकारी कुत्र्यांना काही प्रकारची भूल उतरायला फार वेळ लागतो. पंजा चिरून सळ काढायची वेळ आली तर डॉक्टरला हे आधी माहीत असलेलं बरं. एक्स-रे पहिल्याच दिवशी लागतो असं नाही. पंजात काही सापडलं नाही आणि हाडावर दाबलं की तो ओरडतोय, तर बेळगावला नेऊन काढून आणा.

आता शेजारी. मारलंच नसेल, असं मी म्हणत नाही. हरभऱ्यात मेंढरं शिरल्यावर काठी उचलणारी माणसं आहेत. पण काठी किंवा दगड बसला तर त्या जागी सूज असते, केस बाजूला केले की कातडी काळी-निळी दिसते, दाबलं की हाडावर दुखतं. कुत्राही त्या माणसाला बघून शेपूट आत घेतो. यातलं काय दिसतंय? दिसत असेल तर फोटो काढा, डॉक्टरकडून लेखी घ्या. जनावराला जायबंदी करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. तेव्हा पंचांपुढं जायचं की पोलिसांत, ते कागद हातात असताना ठरवा. काहीच दिसत नसेल तर चुलत्यांना थांबवा. मेंढरं बसवायला तुम्हाला दरसाल त्याच शिवारातली रानं लागतात आणि त्यांना लेंडीखत लागतं. एक माणूस बिथरला की चार बांधांवरची रानं जातात. हरभऱ्याचं नुकसान खरोखर झालं असेल, तर ते आपणहून विचारायला जाण्यात कमीपणा नाही. ते गणित चित्र्याच्या पायापासून वेगळं ठेवा. तुमच्या पत्रात मात्र दोन्ही एका गाठीत बांधलेली दिसतात.

राहिला प्रश्न न्यायचं की ठेवायचं याचा. काटा निघाला, जखम लहान असली, तर ८ दिवसांत चित्र्या टेकायला लागेल, पण पळायला नाही. लचक असेल तर पुरते १० ते १४ दिवस बांधून. बांधून म्हणजे खरोखर बांधून, फक्त शी-शूला दोरीवर. ताप निघाला तर गोळ्यांची मुदत आली. घरी नीट बघणारं कुणी असेल तर ठेवा. नसेल, आणि बरोबरच न्यायचा असेल, तर चालवू नका. घोड्यावर कोकरं, कोंबड्या, भांडी बसतात, त्यांत तो दोन-चार दिवस बसेल. हा काही लाडाचा प्रकार नाही, वाड्यावर दुखऱ्या कोकराला आपण हेच करतो. रात्री त्याला वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, बाहेर बांधू नका. बांधलेला, लंगडा कुत्रा लांडग्याच्या तावडीतून सुटत नाही. वाघरीच्या आत, मेंढरांच्या मध्ये ठेवा. वास त्याला येतोच, भुंकायला पाय लागत नाही, आणि त्याच्या भुंकण्यावर उठून काठी-बॅटरी घेऊन जाणं हे तेवढे दिवस तुमचं काम. शक्य असेल तर सोबतच्या वाड्याला जवळ तळ टाकायला सांगा, म्हणजे त्यांच्या कुत्र्यांचा आधार होईल. पुन्हा कामाला लावताना लागोपाठ तीन दिवस दुडक्या चालीत डोकं हललेलं नाही हे बघा, मग अर्धा दिवस, मग पूर्ण.

चुलते पिल्लू आणायचं म्हणतात त्यात चूक काही नाही, चूक आहे ती चित्र्याला हिशेबातून काढण्यात. १४० मेंढरांवर एकच कुत्रा कमीच पडतो, गेल्या महिन्यातल्या दोन कोकरांनी ते दाखवलंय. पण नुसतं पिल्लू लांडगा रोखत नाही. कुठल्या वाऱ्याला कान टवकारायचे, कोकराजवळ गेल्यावर आवाज कसा ठेवायचा, रात्री कुठल्या बाजूला बसायचं, हे ते जुन्या कुत्र्याच्या मागं फिरून शिकतं. तेव्हा आणायचंच असेल तर चित्र्या बांधलेला असतानाच आणा. त्याच्याजवळ ठेवा, पण जेवणाची ताटली वेगळी आणि पहिले काही दिवस लक्ष ठेवून, दुखऱ्या पायावर पिल्लानं उडी मारली तर तो फटका देईल. पिल्लाला आणल्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवून लसीच्या तारखा लिहून घ्या. चित्र्याची रेबीजची राहिली असेल तर ती कधी टोचायची तेही त्याच खेपेला विचारून घ्या.

आणि पंजात काय निघालं ते कळवा. कुठल्या बोटात, तेही लिहा.